वजन उतरवायचं, अंग बांधायचं: आठवड्याच्या जेवणाची तयारी

आधी दोन आकडे लिहून ठेवा, वजन आणि कमरेचा घेर. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही न खाता-पिता. रोज काट्यावर उभं राहिलं तर मिठामुळे अंगात धरलेलं पाणीच किलो-दीड किलो वरखाली होतं आणि माणूस उगाच हरखतो नाहीतर खचतो. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, पोट आत ओढू नका. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या पुढे असेल तर हात-पाय काटकुळे असले तरी पोटात चरबी साठली आहे असं धरायचं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, बाई गरोदर असेल वा अंगावर पाजत असेल, तर पुढचं सगळं डॉक्टरांना विचारून. भाकरी कमी केली आणि गोळी तेवढीच राहिली की साखर उतरून चक्कर येते.

किराण्याची यादी डाळीपासून सुरू करा. लातूरच्या आडतीत तुरीचे ढीग लागतात, पण घरोघरी वरण मात्र पातळच असतं. चार माणसांत वाटीभर डाळ, वर दोन तांबे पाणी. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा उतरतो, पण दंड सैल पडतात आणि जुनं खाणं सुरू झालं की वजन परत चढतं. म्हणून किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम होतात. त्यासाठी माणशी आठवड्याला तूर, मूग, मसूर मिळून ३०० ग्रॅम डाळ, पाव किलो मटकी किंवा हुलगे (कुळीथ), पाव किलो बेसन, २०० ग्रॅम फुटाणे, १५० ग्रॅम सोयावडी, पावणेदोन किलो दही आणि दीड लिटर दूध लागतं. अंडी चालत असतील तर एक डझन आणा, सोयावडी निम्मी करा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि पांढऱ्याबरोबर पिवळंही खायला हरकत नाही.

ज्वारी सोडायची गरज नाही. शाळूची भाकरी पोटाला धरते, तिच्यात चोथा भरपूर असतो. घोटाळा होतो तो आकाराचा. परातीएवढ्या भाकरीत ९० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे ३०० किलोकॅलरी, आणि खाणारा म्हणतो, ‘दोनच खाल्ल्या’. पहिले चार दिवस गोळ्याचं कोरडं पीठ काट्यावर मोजा. एका भाकरीला ६० ग्रॅम, त्यात २०० किलोकॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं येतात. हाताला अंदाज बसला की काटा बाजूला ठेवला तरी चालतो. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, मग कंटाळून भाताचा कुकर लावला जातो आणि सगळं गणित बिघडतं. दळणात सोयाबीन घालायचं असेल तर ते गव्हात घाला, नऊ किलो गव्हाला एक किलो. ज्वारीच्या पिठाला आधीच चिकटपणा कमी, त्यात सोयाबीन पडलं की भाकरी तुटते. आणि सोयाबीन कच्चं दळू नका. वीस-पंचवीस मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा, मगच गिरणीत न्या. कच्च्या दाण्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात आणि पोट फुगतं.

तेलाची वेगळी बाटली करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास तेल धरलं आहे. वजन उतरवताना २० ग्रॅमवर, म्हणजे चहाच्या चार चमच्यांवर थांबा. चार माणसांच्या घराला महिन्याला हे अडीच लिटरच्या थोडं वर जातं. पहिल्या तारखेला तेवढंच बाजूला काढा, मधे नवीन डबा फोडू नका. घाण्याचं करडईचं तेल चवीला छान, पण कॅलरी त्यातही तेवढ्याच. तर्री वरून सोडायची सवय असेल तर ती आधी बंद करा. मीठ-मसाल्याचा झणझणीतपणा आपल्याला चालतो, तरंगणारं तेल चालत नाही. शेंगदाण्याचा कूटही तेलाच्याच हिशेबात येतो. दिवसाला एक मोठा चमचा, मग तो भाजीत घाला नाहीतर चटणीत. दोन्हीकडे घातला तर कॅलरी गुपचूप वाढतात. येसर आमटीचं सोपं आहे, येसरामुळे, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठामुळे, ती कमी तेलातही दाट होते.

बाजाराच्या दिवशी दोन तास काढा. मटकी आणि हुलगे सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा. थंडीत मोडाला दुसरी रात्र लागते. एप्रिल-मेमध्ये मात्र बारा तासांत आंबूस वास येतो, म्हणून मधे एकदा धुऊन माठाजवळ गारव्याला ठेवा. बोअरचं पाणी जड असलं की डाळ शिजता शिजत नाही, मग चिमूटभर खायचा सोडा घालायची पद्धत पडते. त्याने डाळीतलं ब जीवनसत्त्व जातं आणि सोडियम वाढतं. त्यापेक्षा डाळ दोन तास भिजवून फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात शिजवा. मेथी, चुका, तांदुळजा, आंबाडी निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात पालेभाजी महागते, तेव्हा दोडका, दुधी, गवार, काकडी, कांदा यांवर भागतं. भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम हव्यात, आणि त्यात बटाटा मोजायचा नाही.

मग दिवस असा लागतो. सकाळी ५० ग्रॅम बेसनाचं कांदा-कोथिंबीर घातलेलं धिरडं आणि वाटीभर दही. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, करायचा असेल तर त्यात मूठभर मोडाची मटकी टाका. नुसता चुरमुरा हलका म्हणून दोनदा घेतला जातो आणि अकराला परत भूक लागते. दुपारी दोन भाकरी, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, भाजी, कांदा, ताक. चारला ३० ग्रॅम फुटाणे आणि एक फळ. जालन्याची मोसंबी फोडी करून खा, रस काढू नका. बीडचं सीताफळ आलं की एकावर थांबा. रात्री आठच्या आत एक भाकरी, ३० ग्रॅम सोयावडीचा रस्सा किंवा मोडाच्या हुलग्याची उसळ, दीड वाटी दही. झोपण्याआधी कपभर दूध, बिनसाखरेचं. सगळं मिळून १८०० किलोकॅलरीच्या आसपास जातं आणि प्रथिनं ऐंशीच्या पुढे. उंची कमी असेल, काम बैठं असेल तर दुपारची एक भाकरी कमी करा. वरणाला हात लावू नका.

चहाचा हिशेब वेगळा लिहा. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले की २०० किलोकॅलरी जातात, म्हणजे एक भाकरी. पाहुण्यांकडचा चहा टाळता येत नाही, घरचा निम्म्या साखरेचा करता येतो. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीत तेल, कूट आणि स्टार्च तिन्ही एकत्र येतात. तिच्याऐवजी भगर, सोबत दही आणि एक फळ. दोन्ही एकादशी आणि दर शनिवार धरणाऱ्यांना हा बदल सर्वांत जास्त कामी येतो. येळवशीला (वेळा अमावस्येला) मात्र मनसोक्त जेवा. भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा आणि पालेभाज्या असतात, आंबील ताकाची असते. त्या दिवशी फक्त उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, मोजून घ्या.

अंग बांधायचं तर आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि वजन उचलणं हवं. नुसतं चालून स्नायू भरत नाहीत. व्यायाम संध्याकाळी असेल तर फुटाणे त्याच्या तासभर आधी खा.

महिन्याला दोन किलो उतरले तर गाडी नीट चालली आहे. तीन आठवडे काटा हलला नाही, पण घेर कमी झाला, तर काही बदलू नका. दोन्ही जागच्या जागी असतील तर आधी तेलाची बाटली बघा, ती वेळेआधी संपलेली असते. बाटली बरोबर असेल तर रात्रीची भाकरी अर्धी करा.