आठवण लिहिण्याआधी वही उघडून ठेवावी

आठवणी लिहायला बसलेला माणूस बहुधा जन्मगाव, शाळा, नोकरी या क्रमाने सुरुवात करतो आणि तिसऱ्या पानावर कंटाळतो, कारण त्या क्रमात माहिती तेवढी उतरते. त्याऐवजी एखादा वास, आवाज किंवा स्पर्श धरून लिहू लागावे. त्यातही वासाचा मान पहिला. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूत थॅलॅमसमार्गे पुढे जातात. वासाचा संदेश मात्र ते ठाणे टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या अमिग्डाला व हिप्पोकॅम्पस या भागांकडे जवळच्या वाटेने पोहोचतो.

शक्य असल्यास वस्तूच समोर आणावी: शिकेकाई, ओवा, कापराची वडी. नाक काही मिनिटांतच वासाला सरावते, म्हणून वही आधी उघडावी आणि डबी नंतर. मग दहा मिनिटे हात न थांबवता लिहावे. ‘दरवळ’, ‘घमघमाट’ हे शब्द आले की खोडावेत. पहिल्या पावसातला मातीचा वास तर वर्ज्यच मानावा. तो इतक्यांनी लिहिला आहे की आपल्या वाट्याला काही उरलेले नाही.

मी एकदा रॉकेलचा वास निवडला. पितळी स्टोव्ह आठवला. आई काकड्याने बर्नर तापवी, पंप मारी, ज्योत पिवळी पडली की पिन मारी. आईविषयी दोन पाने झाली, पण ती कोणाच्याही आईची वाटत होती. मग वास सोडून आवाजाकडे वळलो. चावी सैल केली की हवा सुस्कारा टाकून निघून जाई, घर एकदम शांत होई आणि पलीकडच्या खोलीतला आजोबांचा खोकला ऐकू येई. रॉकेल रेशनवर मोजून मिळत असतानाही, पाणी उकळल्यावर आई स्टोव्ह लगेच बंद का करत नसे, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच पडला.

असा प्रश्न सापडला की त्याचे उत्तर रचण्याची घाई करू नये. आधी क्रियापदे तपासावीत. ‘पंप मारी’, ‘खोकला येई’ हा रीतिभूतकाळ गोड खरा, पण तो दहा वर्षांच्या सकाळी एकाच धुक्यात गुंडाळतो; त्यातून एक सकाळ वेगळी काढून ‘पंप मारला’ असे लिहून पाहावे. तपशील तेथेच हाती लागतात किंवा हातात काही नाही हे तरी कळते. स्मृती दर वेळी नव्याने जुळवली जाते, तेव्हा जे अनुमान आहे ते ‘असावे’ लावूनच लिहावे आणि कच्चा मजकूर भावंडांना दाखवावा. माझ्या बहिणीच्या मते तो खोकला आजोबांचा नव्हताच, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा होता. मी दोन्ही ठेवले आहेत.