जुनी ब्रिटिश रायफल काडतुसं: ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

ब्रिटिश लष्करी काडतुसांचा संग्रह आपल्याकडे बहुधा .३०३ मापाच्या रायफलच्या पुंगळीपासून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यापासून, सुरू होतो, आणि चुकाही तिथूनच. तिची ओळख बुडावरचे ठसे, कॅपभोवतीचा (कॅप म्हणजे बुडातली, पिन बसली की दारू पेटवणारी टोपी) रंग आणि मापं यांत विखुरलेली असते. यातलं एकच बघून निकाल दिला की घोटाळा होतो, आणि बघण्याआधीच घासलं तर बघायला काही उरत नाही.

जिवंत की रिकामं?

गोळी जागेवर असेल तर काडतूस जिवंतच धरा. हलवून आवाज आला नाही म्हणजे आत दारू नाही, हा सर्वांत घातक समज. कॉर्डाइटच्या, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या, बारीक काड्यांची जुडी पुंगळीत गच्च बसवलेली असते आणि वर पुठ्ठ्याची चकती, त्यामुळे ते खुळखुळत नाही. कॅपवर खड्डा दिसला तरी विश्वास ठेवू नका, कारण पिन बसूनही न उडालेलं काडतूस असंच दिसतं. पकडीने गोळी उपसणं, पुंगळीला भोक पाडणं, तापवणं यांतलं काहीही घरी करायचं नाही. जमिनीत सापडलं तर हात न लावता ११२ ला फोन करा.

परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भागही येतात. जोडभागांसह वापरायचा हेतू नसेल तर किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. म्हणून उडालेल्या पुंगळ्याच जमवा आणि शंका असेल तर परवाना शाखेत विचारा. विमानाच्या सामानात मात्र रिकामी पुंगळीही नको.

७.९ दिसलं म्हणजे माउझर नव्हे

.३०३ इंच म्हणजे ७.७० मिमी, पण हे माप नळीचं आहे, तेही खाचा कोरण्याआधीचं. गोळी त्याहून जाड, सुमारे ७.९ मिमी असते. कॅलिपरवर हा आकडा बघून बरेच जण चिठ्ठीवर '८ मिमी माउझर' (जर्मन रायफल) लिहून मोकळे होतात. माउझरची पुंगळी ५७ मिमी लांब आणि तिची कडा (बुडाचा गोल काठ) अंगाबाहेर येत नाही. .३०३ ची लांबी ५६.४ आणि बाहेर आलेली कडा १३.७ मिमी. रशियन ७.६२ लाही अशी कडा असते, पण ती १४.४ आणि लांबी ५३.७. उडालेल्या पुंगळीचं तोंड फुगलेलं असतं, तेव्हा तोंडाच्या मापावर विसंबू नका. कडा आणि लांबी ही दोन्ही मापं घ्या.

'के' म्हणजे खडकी नव्हे

ही चूक खास आपली. बुडावर नुसता 'के' असेल तर ती बर्मिंगहॅमच्या किनॉक कंपनीची पुंगळी. खडकीच्या कारखान्याची खूण 'के एफ'. तिथे स्वातंत्र्यानंतरही उत्पादन चालू राहिलं, म्हणून 'के एफ' दिसलं की 'ब्रिटिशकालीन' लिहिण्याआधी साल बघा. 'आर एल' म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, 'आर जी' म्हणजे इंग्लंडमधला रॅडवे ग्रीनचा कारखाना. बाणाची खूण सरकारी मालकीची, ती कारखाना सांगत नाही.

रोमन आकडा मार्क, म्हणजे काडतुसाची आवृत्ती, दाखवतो. सहावा मार्क १९०४ चा, २१५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) बोथट गोळी. सातवा १९१० चा, १७४ ग्रेनची टोकदार. तेव्हा बोअर युद्धातली (१८९९–१९०२) म्हणून दाखवलेल्या पुंगळीवर रोमन सात असेल तर तो दावा तिथेच संपतो. मार्कापुढचा 'सी' कॉर्डाइटचा, मागचा 'झेड' नायट्रोसेल्युलोज या दुसऱ्या दारूचा. 'जी' मागकाढी, म्हणजे ट्रेसर, 'डब्ल्यू' चिलखतभेदी, 'बी' आग लावणारी.

ठसा पुसट असेल तर त्यावर टाल्कम पावडर बोटाने चोळा, वरची पुसून टाका आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा. खाचेत राहिलेली पावडर अक्षरं उठवून दाखवते. साधी ब्रिटिश लष्करी पुंगळी असेल तर आत टॉर्च मारल्यावर बुडाशी सहसा दोन बारीक छिद्रं दिसतात. मधोमध एकच मोठं छिद्र असेल तर अमेरिकी किंवा कॅनडाचा माल असण्याची शक्यता तपासा.

घासण्याची घाई

कॅपभोवतीचं रंगाचं कडं ओळखीचा पक्का पुरावा आहे: जांभळं साध्या गोळीचं, लाल ट्रेसरचं, हिरवं चिलखतभेदीचं, निळं आग लावणारीचं. पितळेच्या पॉलिशने ते पहिल्याच फटक्यात जातं. चिंच-लिंबाने तर पितळेतलं जस्त निघून पुंगळी तांबूस पडते, आणि तो रंग परत येत नाही.

अमोनिया असलेलं पॉलिश आणखी वाईट. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांना चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेतला ताण मिळून हे घडतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. जुन्या पुंगळीत तो ताण आजही असू शकतो.

रिकाम्या पुंगळीला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. रंगाच्या कड्याला ब्रश लावू नका. पूर्ण सुकवून मेणाचा पातळ हात द्या. मार्टिनी-हेन्री या .३०३ च्या आधीच्या ब्रिटिश रायफलच्या जुन्या, पितळी पत्र्याच्या गुंडाळी पुंगळीला मात्र पाणी दाखवू नका. तिच्या बुडाची चकती लोखंडी असते, ती गंजते. ती फक्त कोरड्या ब्रशने झटका.

चामड्याच्या पट्ट्यात पितळ हिरवं पडतं आणि ओकच्या पेटीत शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी येते. ती भुकटी विषारी, हात धुवा. प्रत्येक पुंगळी पॉलिथिनच्या वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि ठसा, मापं, रंग, सापडल्याचं ठिकाण चिठ्ठीवर लिहा. पुंगळीवर मार्करने कधीच नाही.