कॉलेज बेसबॉल: कॉन्फरन्स स्पर्धेचा तक्ता कसा वाचायचा

मेच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तराच्या, कॉन्फरन्स स्पर्धा होतात. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा समूह. विजेत्याला ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये असे २९ संघ होते. उरलेले ३५ निवड समितीने घेतले. त्यामुळे कुठल्याही संघाबद्दल आधी एकच गोष्ट बघा: त्याला जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही, की हरला तरी समिती त्याला घेणारच आहे? दुसऱ्या प्रकारचा संघ आपला पहिल्या नंबरचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पुढच्या आठवड्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी राखून ठेवू शकतो. अव्वल संघ लवकर हरला म्हणून फार अर्थ काढू नका.

मग पद्धत ओळखा. गंमत म्हणजे साध्या बाद पद्धतीत १६ संघ, दुहेरी बाद पद्धतीत ८ आणि गटसाखळीत १२ संघ घेतले, तरी सामने जास्तीत जास्त १५च होतात. फरक पडतो तो कोणाला किती खेळावं लागतं यात.

एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) या कॉन्फरन्सने २०२५ मध्ये अलाबामातल्या हूवरला साधी बाद पद्धत आणली. मानांकन ९ ते १६ पहिल्या फेरीत, ५ ते ८ दुसऱ्या फेरीत, १ ते ४ थेट उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे अव्वल चौघांना विजेतेपदासाठी तीन विजय पुरतात, तळाच्या आठांना पाच लागतात, आणि तेही एका आठवड्यात.

दुहेरी बाद पद्धतीत दोनदा हरल्यावरच घरी. आठ संघांत न हरणाऱ्याला चार विजय पुरे. पहिलाच सामना गमावणाऱ्याला ओळीने सहा जिंकावे लागतात, त्यातले शेवटचे दोन अपराजित संघाविरुद्ध. पंधराव्या सामन्यापुढे ‘गरज पडल्यास’ लिहिलेलं असतं ते यासाठीच: अपराजित संघ चौदावा सामना जिंकला, तर पंधरावा होतच नाही. तक्त्यात एकदा हरलेल्यांची वेगळी बाजू असते; या पराभूतांच्या बाजूला बहुतेकांची गाडी अडते ती पिचरपाशी. शंभरेक चेंडू टाकलेल्या पिचरला सहसा चार-पाच दिवस विश्रांती लागते आणि भरवशाचे तिघेचौघेच असतात. म्हणून त्या बाजूचे सामने बघताना मानांकनापेक्षा काल कोणी किती चेंडू टाकले ते बघा.

गटसाखळी सगळ्यांत फसवी. बिग टेन या कॉन्फरन्सने २०२५ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहात तीन-तीन संघांचे चार गट केले. गटविजेते उपांत्य फेरीत. तिघेही १-१ असे अडकले की वरच्या मानांकनाचा संघ पुढे जातो, असा नियम असेल तर काय होतं बघा. समजा ‘ख’ने ‘ग’ला हरवलं आणि ‘ग’ची गाठ आता अव्वल ‘क’शी आहे. ‘ग’ जिंकला काय, हरला काय, गटाचा निकाल ‘क’ विरुद्ध ‘ख’ सामन्यावरच ठरणार. मधला सामना निकालाच्या दृष्टीने मेलेला. त्यात ‘क’ने राखीव पिचर उतरवला तर नवल नाही.

नऊपैकी सात इनिंगनंतर दहा धावांची आघाडी असली की सामना थांबवण्याचा नियम अनेक कॉन्फरन्स वापरतात. थकलेल्या पिचरांसाठी तो मोठाच दिलासा, पण अंतिम सामन्याला लागू आहे का, ते त्या स्पर्धेच्या नियमांत आधी पाहून घ्या.