कामांचे नियोजन ग्राहकाच्या गरजांशी कसे जोडावे

सॉफ्टवेअर प्रकल्पात ग्राहकाने काय मागितले ते एका दस्तऐवजात असते, आणि कोणी काय कधीपर्यंत करायचे ते जिरा किंवा रेडमाइनसारख्या साधनात वेगळेच नोंदलेले असते. या दोहोंत दुवा नसेल, तर सगळी कामे पूर्ण दिसत असूनही मागितलेली एखादी गोष्ट राहून जाते आणि ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती गेल्यावरच उघड होते.

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करायचे आहे, असे समजू. ‘हिशेब सोपा असावा’ ही केवळ इच्छा आहे. तिच्यावरून काम आखता येत नाही. ‘सौदा नोंदवल्यावर वजन, दर, कपाती आणि निव्वळ रक्कम दाखवणारी पट्टी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावी’ ही मात्र गरज आहे, कारण ती पूर्ण झाली की नाही हे तपासता येते. गरजा कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतही गरज निःसंदिग्ध आणि पडताळता येण्याजोगी असावी, अशी अपेक्षा आहे.

अशा प्रत्येक गरजेला कायमचा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘ग-१४’. गरज रद्द झाली तरी तो क्रमांक दुसरीला देऊ नये, कारण जुन्या नोंदी त्याच क्रमांकाकडे बोट दाखवत असतात. मग कामे लिहावीत: कपातींची आकडेमोड, पट्टीचा नमुना, संदेश पाठवणे, चाचणी. गरजेचा क्रमांक आणि आवृत्ती (गरज बदलली की वाढणारा आकडा) कामाच्या वर्णनात न लिहिता स्वतंत्र रकान्यात लिहावी, म्हणजे त्यावरून हव्या त्या गरजेची कामे निवडून पाहता येतात. एक काम अनेक गरजांसाठी असू शकते, म्हणून त्या रकान्यात एकाहून अधिक क्रमांक चालले पाहिजेत. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात कामाचा क्रमांक असला की गरजेपासून कोडपर्यंतची वाट पूर्ण होते. अर्ध्या दिवसाची उपकामे मात्र जोडत बसू नये. मुख्य कामाचा दुवा पुरतो.

दर आठवड्याच्या नियोजनात एकही काम नसलेल्या गरजा आणि कोणतीच गरज नसलेली कामे, अशा दोन याद्या काढाव्यात. दुसऱ्या यादीतील सर्व्हरची देखभाल किंवा वापरलेली तयार कोडची लायब्ररी अद्ययावत करणे ही कामे रास्त असतात, त्यांना ‘तांत्रिक देखभाल’ असे शीर्षक द्यावे. पण तिथे एखादा नवा स्क्रीन दिसला, तर तो कोणी मागितला हे विचारलेच पाहिजे.

या दुव्याचे खरे मोल गरज बदलते तेव्हा कळते. २०१६ साली महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाल्यावरील अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. तेव्हा असे सॉफ्टवेअर वापरात असते, तर शेतकऱ्याच्या पट्टीतील एक ओळ काढून भागले नसते. आकडेमोड, खरेदीदाराचे बिल, अडत्याचा खाते-उतारा आणि त्यांच्या चाचण्या हे सगळेच बदलावे लागले असते. अशा वेळी गरजेची आवृत्ती १ वरून २ करावी, आवृत्ती १ ला जोडलेली सर्व कामे, पूर्ण झालेलीसुद्धा, समोर घ्यावीत आणि त्यांवरून बदलाला किती वेळ लागेल याचा अंदाज मंजुरीपूर्वीच ग्राहकाला द्यावा. पूर्ण झालेली कामे पुन्हा उघडू नयेत. आवृत्ती २ ला जोडलेली नवी कामे लिहावीत, म्हणजे आधी काय ठरले होते याची नोंद शाबूत राहते.

प्राधान्यक्रमही गरजेवरूनच ठरवावा. आंबिया बहराची संत्री ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतात. तोपर्यंत सगळ्या गरजांची थोडीथोडी कामे होण्यापेक्षा वजन, सौदा आणि पट्टी या तीन गरजा पुऱ्या होणे बाजाराच्या उपयोगाचे आहे. गरज पूर्ण झाल्याची खूणही तिची सगळी कामे संपली म्हणून करू नये; ग्राहकासोबत ठरवलेली स्वीकृती चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच करावी.

चार-पाच जणांच्या चमूला यासाठी महागडे साधन लागत नाही. गरज क्रमांक, आवृत्ती, काम क्रमांक, चाचणी आणि स्थिती अशा पाच रकान्यांची एक्सेल फाइल पुरेशी आहे. मात्र ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एकाच नावावर असावी.