‘झीरो अवर’मध्ये 10,000 डॉलरात पहिला हल्ला कसा उभा करावा

‘कमांड अँड कॉंकर: जनरल्स’ हा संगणकावरचा युद्धखेळ 2003 च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच वर्षी ‘झीरो अवर’ ही त्याची पुरवणी. तेव्हा त्यातलं युद्ध वीसेक वर्षं पुढचं होतं. शंभर डॉलरचा टेहळणी ड्रोन ही तेव्हाची कल्पना आज कोणाला नवल वाटणार नाही. 2024 पासून खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतो, आणि 2025 च्या फेब्रुवारीत ईए या त्याच्या कंपनीने त्याचा सोर्स कोडही खुला केला. त्यामुळे जुन्या सीडीच्या भानगडीत पडू नका, स्टीमवरून घ्या.

इथे एकच डाव मांडला आहे: तुम्ही अमेरिका, समोर जीएलए, म्हणजे खेळातली दहशतवादी फौज. नवखा खेळाडू हरतो त्या क्षणी त्याच्या खात्यात बहुधा चार-पाच हजार डॉलर नुसते पडून असतात. त्यामुळे पुढची सगळी आखणी पहिले 10,000 कुठे आणि कोणत्या क्रमाने घालवायचे याची आहे.

आधी मांडणी

स्कर्मिशमध्ये (संगणकाविरुद्धचा सुटा डाव) दोन खेळाडूंचा ‘टुर्नामेंट डेझर्ट’ नकाशा घ्या. सुरुवातीची रक्कम 10,000 आणि प्रतिस्पर्धी मीडियम ठेवा. ईझी आर्मी इतकी सुस्त असते की तिच्याशी खेळून हाताला काहीच लागत नाही. आपल्या बाजूला साधी अमेरिका निवडा. ग्रेंजर, टाउन्स, अलेक्झांडर हे वेगळे जनरल नंतर. प्रत्येकाच्या किमती आणि युनिटं बदलतात आणि खालचा हिशेब कोलमडतो. खेळात हुकूम मुळात डाव्या क्लिकने दिले जातात. उजव्या क्लिकची सवय असेल तर ऑप्शन्समध्ये अल्टरनेट माउसवर खूण करा, नाहीतर पहिली पाच मिनिटं माउसशी भांडण्यात जातील.

पैशांचा क्रम

1. खेळ सुरू होताच कमांड सेंटर या मुख्य इमारतीतून दुसरा डोझर, म्हणजे इमारती बांधणारी गाडी, मागवा (1000). हातातल्या डोझरला लगेच कोल्ड फ्यूजन रिअ‍ॅक्टरला, म्हणजे वीजघराला, लावा (800).

2. रिअ‍ॅक्टर झाला की तोच डोझर सप्लाय सेंटरवर (2000). ते सप्लाय डॉकच्या (नकाशावरचा रसदीचा साठा) जितकं जवळ बसेल तितकं बसवा. अगदी चिकटून खेळ बसवू देत नाही. इमारतीची सावली लाल दिसेनाशी होईल ती पहिली जागा धरा. सेंटरसोबत रसद वाहणारं एक चिनूक हेलिकॉप्टर फुकट येतं. ते खेपेला 600 डॉलर आणतं, म्हणजे अंतर वाढलं की प्रत्येक खेप लांबते आणि त्याचा फटका शेवटपर्यंत बसत राहतो.

3. दुसरा डोझर बॅरक्स, म्हणजे सैनिकांची इमारत, बांधेल (600). ती पूर्ण होताच मिसाइल डिफेंडर (क्षेपणास्त्रवाले सैनिक) मागवायला सुरुवात करा, एकूण पाच, प्रत्येकी 300.

4. सप्लाय सेंटर उभं राहिलं की वॉर फॅक्टरीचं, म्हणजे गाड्यांच्या कारखान्याचं, बटण उघडतं (2000). मोकळ्या डोझरला तिकडे पाठवा आणि सप्लाय सेंटरमधून आणखी एक चिनूक घ्या (1200). दोन खेपांत त्याची किंमत वसूल होते.

5. वॉर फॅक्टरीतून पहिली हमवी, म्हणजे सैनिक नेणारी लष्करी जीप (700).

बेरीज करून पाहा: 9800. दोनशे उरतात, आणि तोवर चिनूकच्या पहिल्या खेपा येऊन पडलेल्या असतात. डिफेंडर वॉर फॅक्टरीआधी सुरू करण्याचं कारण वेळ: हमवी दारातून बाहेर पडते तेव्हा पाचही जण बाहेर उभे असले पाहिजेत. क्रम उलटा केलात तर रिकामी हमवी ताटकळत राहते.

हमवी भरणं आणि वापरणं

पाचही डिफेंडर निवडा आणि हमवीवर क्लिक करा. आत बसल्यावरही ते क्षेपणास्त्रं डागत राहतात, हीच या गाडीची खरी किंमत. वरची मशीनगन पायदळाला पुरते, आतले पाच जण स्कॉर्पियन रणगाडे आणि टेक्निकल गाड्या फोडतात. पैसे आले की या पहिल्या हमवीवर स्काउट ड्रोन चढवा (100). लपलेले बंडखोर आणि जमिनीत पेरलेले डेमो ट्रॅप (स्फोटकं) त्याला दिसतात. एका गाडीवर एकच ड्रोन बसतो, म्हणून पुढच्या हमवींवर बॅटल ड्रोन घ्या (300). तो गाडी दुरुस्तही करतो.

कंट्रोल धरून 1 दाबा, म्हणजे गट ठरतो. नंतर नुसतं 1. ए दाबून जमिनीवर क्लिक केलं की गट वाटेत दिसेल त्याच्याशी लढत पुढे जातो. साध्या क्लिकने पाठवलात तर तो सांगितलेली जागा गाठण्याच्या नादात मार खात पळतो.

पहिला हल्ला कुठे? वीजघर शोधू नका. जीएलएला वीज लागतच नाही. थेट सप्लाय स्टॅशवर, म्हणजे त्यांच्या रसदीच्या इमारतीवर, जा. तिथले कामगार खेपेला फक्त 75 डॉलर उचलतात, म्हणून ते संख्येने बरेच असतात आणि रांगेने चालतात. हमवीच्या बंदुकीपुढे ते टिकत नाहीत. दोन हमवी मिळून दहा-बारा कामगार गारद झाले की समोरच्याची आवक आटते. मग इमारतींकडे वळा.

इमारत पडली की जागी एक बीळ उरतं. ते तसंच सोडलं तर त्यातून कामगार निघतो आणि तीच इमारत फुकटात पुन्हा बांधतो. गट आपणहून बिळाकडे बघेल या भरवशावर राहू नका, त्यावर स्वतः क्लिक करा. जीएलएविरुद्ध जिंकत आलेले डाव हातचे जातात ते बहुतेक या बिळांपायी.

काय बिघडतं

पॅट्रियट (तळ राखणारे क्षेपणास्त्र बुरूज) बसवले आणि ते गप्प आहेत: वीज संपली. एक रिअ‍ॅक्टर 5 एकक देतो, एक पॅट्रियट 3 खातो. प्रत्येक पॅट्रियटआधी खालची वीजपट्टी बघा. वीज कमी पडली की रडारही बंद आणि उत्पादनही मंद.

चिनूक उभं आहे, पैसे येत नाहीत: सैनिक नेण्यासाठी ते वापरलं असेल. पुन्हा डॉकवर क्लिक करून कामाला लावा. क्वाड कॅनन ही जीएलएची विमानविरोधी तोफ आसपास असेल तर चिनूक आधी मागे घ्या, कारण तोफ त्याला क्षणात पाडते.

हिरव्या विषात पायदळ मरतंय: जीएलएचा विष फवारणारा टॉक्सिन ट्रॅक्टर येऊन गेलाय. अ‍ॅम्ब्युलन्स (600) जमीन साफ करते आणि जखमी सैनिक बरे करते. तिसऱ्या हमवीऐवजी ती घेतली तरी चालेल.

स्टिंगर साइटवर (जीएलएचा क्षेपणास्त्र मोर्चा) हमवी झिजतायत: समोरून भिडू नका. स्ट्रॅटेजी सेंटर (2500) बांधून टॉमाहॉक ही क्षेपणास्त्र गाडी (1200) घ्या आणि लांबून फोडा. मात्र टॉमाहॉकचं क्षेपणास्त्र मंद असतं, धावत्या गाडीवर ते वाया जातं आणि अगदी जवळच्या शत्रूवर डागताच येत नाही. त्याच्यापुढे एक-दोन हमवी हव्यातच.

पुढचा पैसा

डॉकमध्ये 30,000 डॉलर असतात, म्हणजे चिनूकच्या 50 खेपा. तो आटायच्या आत बॅरक्समधून कॅप्चर बिल्डिंग हे इमारती ताब्यात घेण्याचं अपग्रेड घ्या (1000) आणि एक रेंजर, म्हणजे साधा सैनिक, तेलविहिरीकडे पाठवा. विहीर ताब्यात येताच 1000 मिळतात, म्हणजे अपग्रेडचा खर्च तिथेच फिटतो. पुढे थोड्या थोड्या वेळाने 200 येत राहतात. रेंजर एकटा पाठवू नका, ताबा घेताना तो बंदूक चालवत नाही. नंतर सप्लाय ड्रॉप झोन (2500), जो दर दोन मिनिटांनी विमानातून रसद टाकतो.

पडद्यावर स्कड स्टॉर्म या जीएलएच्या महाअस्त्राचं घड्याळ दिसलं तर तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत, त्यानंतर नऊ स्कड क्षेपणास्त्रं एकदम पडतात. हाताशी असलेली सगळी लढाऊ युनिटं क्यूने निवडा आणि बाकी सगळं सोडून तिकडे वळवा. चार भरलेल्या हमवी वाटेतली स्टिंगर साइट टाळून तिथवर पोहोचल्या तर स्कड स्टॉर्म पडतो. मग त्याचंही बीळ.