क्वार्टर संपल्यानंतरचा टेक्निकल फाऊल पंचांनी कसा हाताळावा

कोल्हापूरचा प्रेक्षक फुटबॉलच्या ईर्ष्येत वाढलेला आहे, आणि शाळा-महाविद्यालयांच्या बास्केटबॉल सामन्यांनाही तो तीच ईर्ष्या घेऊन येतो. त्यामुळे हूटर वाजल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट पंचांच्या दृष्टीने फार जोखमीचे असते. त्या वेळी चेंडू उचलून बाजूला होण्याऐवजी दोन्ही संघ आपापल्या बेंचकडे जाईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवावी.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार क्वार्टर संपल्याचा हूटर वाजताच विराम सुरू होतो, म्हणून टेक्निकल फाऊल, म्हणजे अंगस्पर्शाशिवायच्या गैरवर्तनाचा फाऊल, हूटरच्या आधीचा की नंतरचा, हे सहकारी पंचांशी बोलून प्रथम निश्चित करावे. विरामातला फाऊल पुढच्या क्वार्टरचा धरला जातो. समजा, दुसरा क्वार्टर संपल्यावर एखादा खेळाडू पंचांच्या तोंडासमोर उपहासाने टाळ्या वाजवतो. पंच हातांनी 'टी'ची खूण करून टेबलाला खेळाडूचा क्रमांक कळवतात, पण निळे पेन हातात असलेला गुणलेखक सवयीने दुसऱ्या क्वार्टरच्याच चौकटीत सांघिक फाऊलची खूण करू शकतो. ती खूण तिसऱ्या क्वार्टरच्या चौकटीत पडली आहे की नाही, हे पंचांनी स्वतः वाकून पाहावे. एका क्वार्टरमध्ये चार सांघिक फाऊल झाल्यानंतर पुढच्या फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळू लागतात, तेव्हा ही एक खूण सामन्याचा निकालही फिरवू शकते.

फाऊल नेमका कोणाच्या नावावर लिहायचा, येथे नवे पंच हमखास अडखळतात. खेळ चालू असताना राखीव खेळाडूने गैरवर्तन केले, तर फाऊल मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जातो आणि सांघिक फाऊलमध्ये मोजला जात नाही. विरामात मात्र खेळण्यास पात्र असलेले सर्वच सदस्य खेळाडू मानले जातात, त्यामुळे बेंचवरून उठून आलेल्या राखीव खेळाडूचा फाऊल त्याच्याच नावावर लागतो आणि संघाच्याही खात्यात जमा होतो. खेळाडूचा तो दुसरा टेक्निकल असेल, तर त्याला अपात्र ठरवावे लागते.

दंड एका फ्री थ्रोचा असतो आणि तो पुढचा क्वार्टर सुरू होण्यापूर्वी द्यावा. फ्री थ्रो कोण घेणार, हे प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक ठरवतो. रिबाउंडसाठी कोणालाही रांगेत उभे करू नये. त्यानंतर टेबलावरचा बाण (चेंडूचा पुढचा हक्क कोणाचा हे दाखवणारा) ज्या संघाच्या बाजूने आहे, त्याच संघाने टेबलाच्या विरुद्ध बाजूने मध्यरेषेच्या टोकावरून चेंडू आत टाकावा, कारण टेक्निकल फाऊलमुळे त्या संघाचा हक्क जात नाही. फाऊल सामना सुरू होण्यापूर्वीच्या विरामात झाला असेल, तर फ्री थ्रोनंतर नेहमीप्रमाणे जंप बॉल (दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवून सुरुवात) घ्यावा.

चौथ्या क्वार्टरनंतर गुणफलकाकडे पाहूनच पाऊल उचलावे. बरोबरी असेल तर अतिरिक्त वेळेपूर्वीचा विराम सुरू झालेला असतो आणि वरील सर्व पद्धत तशीच लागू होते. सांघिक फाऊल मात्र चौथ्या क्वार्टरच्याच मोजणीत पुढे धरले जातात. निकाल लागलेला असेल तर सामना संपला आहे, मग कितीही चिथावणी झाली तरी फ्री थ्रो देता येत नाही. मुख्य पंचाने स्कोअरशीटवर सही करण्यापूर्वी घडलेले गैरवर्तन त्यावर नोंदवावे आणि आयोजकांकडे सविस्तर लेखी अहवाल द्यावा.