हिवाळ्यात श्रीलंकेला खास खाण्यासाठी जाताय? या चुका टाळा

पहिली चूक किनारा निवडण्यात होते. हिवाळा म्हणजे कोरडं हे आपलं बेळगावचं गणित तिथं अर्ध्याच बेटाला लागू पडतं. डिसेंबर ते मार्च गॉल, हिक्कडुवा, मिरिस्सा हा नैर्ऋत्य किनारा कोरडा असतो. त्याच वेळी ईशान्य मोसमी पाऊस पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमाली आणि अरुगम बेकडे असतो. समुद्र खवळला की होड्या कमी जातात, ताजी मासळी कमी येते आणि खोली स्वस्त मिळाल्याचा आनंद जेवणाच्या ताटापाशी संपतो. जाफन्याची खेकड्याची करी हवीच असेल तर फेब्रुवारी धरा. चार दिवसांत गॉल आणि जाफना दोन्ही बसवू नका. कोलंबो ते जाफना रस्त्यानं साधारण ४०० किलोमीटर, तेही गॉलच्या उलट दिशेला.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही, बंगळूर किंवा चेन्नईहून जावं लागतं. बंगळूरला रात्रीच्या रेल्वेनं सकाळी उतरून त्याच सकाळचं विमान पकडायचा बेत करू नका. विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून लांब, आणि गाडीला उशीर झाला तर तिकीट बुडालं. बेळगाव-बंगळूर आणि बंगळूर-कोलंबो ही विमानतिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान बंगळुरात स्वतः उतरवून पुन्हा द्यावं लागतं. मध्ये किमान चार-पाच तास ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरण्यासाठी आधी ऑनलाइन काढायची परवानगी, फक्त सरकारी संकेतस्थळावरून घ्या. तसंच दिसणारी दलालांची संकेतस्थळं जादा पैसे उकळतात.

आता कालनिर्णय काढा. तिथं प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद, मटण-चिकनची दुकानंही बंद. सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा भरते ती मार्गशीर्ष पौर्णिमा आणि पुढची पौष पौर्णिमा या दोन्ही नेमक्या सहलींच्या हंगामात येतात. कधी एखादा दिवस मागेपुढे होतो, म्हणून तिथली सुट्ट्यांची यादीही बघा. तो दिवस प्रवासाला ठेवा.

शाकाहारी मंडळी सगळ्यात जास्त फसतात ती भाजीत. ‘पोल सांबोल’ म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी, पण तिच्यात बहुधा ‘उंबलकड’ घातलेली असते, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. तोच चुरा फरसबीत आणि कधी डाळीतही पडतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मासा ‘मांस’ धरला जाईलच असं नाही. ‘मस, मालु, उंबलकड एपा’ असं स्पष्ट सांगा: मांस, मासा, उंबलकड नको. चटणी आधीच वाटून ठेवलेली असते, त्यामुळे हे ताट वाढण्यापूर्वी सांगा. कडक पाळणाऱ्यांनी तमिळ शाकाहारी खानावळ शोधावी, तिथं इडली-डोसाही मिळतो.

वेळ चुकली तरी चव चुकते. भात-करी हे दुपारचं जेवण. भाज्या सकाळी शिजतात, म्हणून बारा ते दीडच्या दरम्यान जा. नारळाच्या दुधातल्या भाज्या उष्ण, दमट हवेत लवकर आंबतात, तेव्हा रात्री उरलेली करी मागू नका. अप्पे (ते ‘आप्प’ म्हणतात, आपल्या आप्पेपात्रातले गोळे नव्हेत, वाटीसारखे पातळ, कुरकुरीत कडांचे) आणि कोत्तू रोटी (रोटीचे तुकडे भाज्या-अंड्यासोबत तव्यावर परतलेले) संध्याकाळनंतर गरमागरम होतात. गॉलकडची ‘अंबुल तियल’ मात्र कधीही खा. कोकमाच्या भावकीतल्या गोरक्यात शिजवून आटवलेला टूना मासा तो; आंबटपणामुळे तो दिवसभर टिकतो.

युपीआय मोठ्या दुकानांत चालतं, टपरीवर रोख लागते. दालचिनी आणायची तर कांडी हातात घेऊन बघा: पातळ सालींचे अनेक थर एकात एक गुंडाळलेले असले आणि दाबल्यावर चुरली, तर ती खरी. जाड, कडक, एकाच सालीची असेल तर ठेवून द्या, तसली बेळगावच्या रविवार पेठेतही मिळते. कितुळ पाकाची (कितुळ माडाच्या रसाचा पाक) बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत टाका.